एकाच रानाचे दोन माती रिपोर्ट, स्फुरद एकात १८ आणि दुसऱ्यात ४१. खरं कुणाचं?

शाळूवाला
राम राम मंडळी. मंगळवेढ्याच्या बाजूला तीन एकर रान हाय, मध्यम काळं, दोन-अडीच फुटावर मुरूम लागतो, विहिरीचं पाणी डिसेंबरपर्यंत कसंबसं टिकतं म्हंजे कोरडवाहूच धरा. हस्ताच्या आधी शाळू (रब्बी ज्वारी) पेरायचाय. उन्हाळ्यात मी माती काढून एका लॅबला दिलती. मग खताचा दुकानदार म्हणला आमच्या कंपनीकडून फुकट करून देतो, त्याच्याकडचं पोरगं येऊन माती घेऊन गेलं. दोन्ही रिपोर्ट आले आणि शेजारी ठेवून बघतोय तर डोकंच चालंना.

पहिला - सामू (पीएच) ८.३, ईसी (क्षारांचं माप) ०.३१, सेंद्रिय कर्ब ०.३८, चुनखडी ११.५ टक्के, नत्र (नायट्रोजन) १७६, स्फुरद (फॉस्फरस) १८, पालाश (पोटॅश) ४३०, गंधक ७.२, जस्त ०.४२, लोह ३.१, बोरॉन ०.३८

दुसरा - सामू ८.२, ईसी ०.३४, कर्ब ०.४१, नत्र १८४, स्फुरद ४१, पालाश ५१६, जस्त २.१, लोह ३.४. चुनखडी, गंधक, बोरॉन यांचा पत्ताच नाय.

गंमत म्हंजे स्फुरदापुढं दोन्हीकडं 'मध्यम' लिवलंय. १८ बी मध्यम आणि ४१ बी मध्यम? जस्त तर पाचपट. दुकानदार म्हणतोय एकरी दोन पोती १०:२६:२६ (नत्र-स्फुरद-पालाशाचं मिश्रखत) टाका आणि वर मायक्रोन्यूट्रिएंटची बादली घ्या. कुणाचं ऐकायचं?

बांधावरचा
दोन्ही रिपोर्ट चुलीत घाला अण्णा. आमच्या गावात मागं सरकारनं माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या, माझ्या भारी रानाचा आणि भावकीतल्या एकाच्या माळाचा आकडा अगदी सेम टू सेम, दशांश चिन्हासकट. तवापासून मी माती बघतो ती डोळ्यानं आणि हातानं.

लॅबमधली
बांधावरचा दादा, त्याचं कारण आहे. पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा नमुना शेतकऱ्यागणिक नव्हता, ग्रिडगणिक होता. बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे जिरायत भागात पंचवीस एकराच्या चौकोनात जेवढे गट आले त्या सगळ्यांना एकच आकडा. गावाचा, तालुक्याचा नकाशा करायला ते चालतं, जस्त कुठे कमी आहे, कर्ब कुठे कमी आहे ते कळतं. पण तुमच्या बांधाच्या आत काय आहे ते त्यावरून सांगता येत नाही, आणि आपल्याकडे माथ्यावरचं रान आणि लवणातलं रान शंभर पावलांत बदलतं. ती पत्रिका फेकू नका पण तिच्यावर खताचं पोतंही घेऊ नका.

शाळूवाला अण्णा, तुमच्या रिपोर्टवर नंतर लिहिते, आत्ता कामावर आहे.

पुणेकर_वीकेंड
हाय, मी पण नवीन आहे, जत साइडला थोडी जमीन घेतलीय. लॅबच्या भानगडीत पडायचं नव्हतं म्हणून ऑनलाइन सेव्हन इन वन मीटर मागवलाय, मातीत खुपसला की एनपीके, पीएच, मॉइश्चर सगळं स्क्रीनवर येतं. रीडिंग छान येतात पण सकाळी नत्र १२ आणि ड्रिप चालवल्यावर संध्याकाळी ७८. नॉर्मल आहे का हे?

खुरपं
😂😂 पाण्यातून युरिया येतोय वाटतं पुण्याचा

लॅबमधली
हसू नका, बऱ्याच जणांनी घेतलाय तो. त्या दांड्याला नत्र-स्फुरद-पालाश काही कळत नाही. तो मातीतून वीज किती वाहते तेवढं मोजतो आणि आतल्या एका सूत्राने तीन आकडे बनवून दाखवतो. माती ओली झाली की वीज जास्त वाहते, मग तिन्ही आकडे वर. मीठ टाकून बघा, तेव्हाही 'खत' वाढेल. ओलावा कमी-जास्त बघायला वापरा, बाकी विसरा.

गणितमास्तर
मी शेतीतला नाही, वाचक आहे फक्त. पण मला एक दिसतंय. ४१ भागिले १८ करा, २.२८ येतं. ५१६ भागिले ४३० करा, बरोबर १.२ येतं. सामू, कर्ब, नत्र, लोह हे चारही दोन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत. माती वेगळी असती तर सगळंच इकडे-तिकडे झालं असतं. जस्त बाजूला ठेवलं तर फक्त दोनच आकडे आणि तेही इतक्या नीटस पटीत वाढतात म्हणजे मोजण्यात नाही, मांडण्यात फरक आहे. बरोबर का ताई?

लॅबमधली
मास्तर शंभर टक्के! मी संध्याकाळी हेच लिहिणार होते.

बघा, स्फुरद दोन पद्धतीने लिहितात. एक म्हणजे नुसतं मूलद्रव्य, फॉस्फरस. दुसरं म्हणजे ऑक्साइडच्या रूपात, जसं खताच्या पोत्यावर असतं. डीएपी खताला १८:४६ म्हणतो त्यातले ४६ हे ऑक्साइडचे. मूलद्रव्याला २.२९ ने गुणलं की ऑक्साइडचा आकडा येतो, १८ गुणिले २.२९ म्हणजे ४१ आणि थोडं. पालाशला ती पट १.२. म्हणजे दोन्ही लॅबनी तुमच्या रानात स्फुरद आणि पालाश तेवढंच पाहिलं, एकाने मूलद्रव्यात छापलं, दुसऱ्याने ऑक्साइडमध्ये. म्हणूनच दोन्हीकडे 'मध्यम', कारण ज्याने त्याने आपापल्या एककाचा तक्ता लावला. घोळ फक्त एवढाच की आकड्यापुढे एकक छापलेलं नाही किंवा बारीक अक्षरात कुठेतरी खाली आहे.

पण हा घोळ लहान नाही हां. आपल्याकडे वापरतात त्या सहा पायऱ्यांच्या तक्त्यात मूलद्रव्याचे हेक्टरी १४ ते २१ किलो म्हणजे मध्यम आणि ३५ च्या वर अत्यंत जास्त. कुणी ४१ हा आकडा उचलून या तक्त्यात बघितला तर तो म्हणणार स्फुरद भरपूर आहे, खत निम्म्यावर आणा. आणि पीक बसलं उपाशी.

शाळूवाला
आयला! म्हंजे दोन्ही खरे. आणि जस्ताचं? ०.४२ आणि २.१ ला तर कुठली पट बसत नाय.

लॅबमधली
जस्ताला ऑक्साइड-बिक्साइडचा प्रश्न नाही, दोन्हीकडे पीपीएमच (दहा लाख भागात किती) असतं. एक सांगा, त्या पोराने माती कशात गोळा केली?

शाळूवाला
विहिरीवरची जस्ती बादली नेलती त्यानं. मी घरातनं प्लास्टिकचं टप घेतलतं.

खुरपं
झालं, सापडला चोर

लॅबमधली
तेच. जस्ती बादलीला जस्ताचाच मुलामा असतो, त्यात माती घोळवली, खुरप्याने खरडून एकत्र केली की कण उतरतात. आपण मोजतोय किती तर दहा लाख भागात अर्धा भाग, मग जरासा कण पुष्कळ झाला. सूक्ष्म अन्नद्रव्य तपासायचं असेल तर बादली-घमेलं प्लास्टिकचं, माती खरडायला लाकडाची किंवा बांबूची काडी, आणि गंजकं खुरपं असेल तर त्याने खड्डा करा पण खुरप्याला लागलेला थर काडीने काढून टाका आणि आतलीच माती घ्या. शंभर टक्के बादलीच असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण ०.४२ धरून चाला. चुनखडीच्या रानात सामू ८.३ ला जस्त कमीच असायचं, ते पटण्यासारखं आहे. ०.६ च्या खाली म्हणजे कमतरता.

माणदेशी
ताई नमुना कसा काढायचा ते एकदा डिटेलमध्ये लिवा की, इथं निम्म्या लोकांना वाटतंय चार कोपऱ्यातनं चार मुठी उचलल्या की झालं

लॅबमधली
लिहिते. आधी रान हिंडून बघा. रंग बदलतो, उतार बदलतो, पीक दरवर्षी एका कोपऱ्यात खुरटतं, तिथे नमुना वेगळा. सगळं एकत्र केलं की सरासरी येते आणि सरासरीचं रान तुमच्याकडे कुठेच नसतं. मग एकसारख्या पट्ट्यात नागमोडी चालायचं आणि आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून (माती खरवडायची नाही, फक्त पाला) व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. खड्ड्यातली माती फेकून द्यायची. नमुना ती नव्हे! खड्ड्याच्या एका भिंतीची दोन बोटं जाड चकती वरपासून तळापर्यंत सारखी तासायची, ती टपात. वर जाड आणि खाली निमुळती झाली तर वरच्या थराचंच माप जास्त पडतं आणि रिपोर्ट उगाच गोड येतो.

सगळं एकत्र करून गोणपाटावर, नाही, स्वच्छ कागदावर किंवा कापडावर (खताची गोणी तर अजिबात नको) पसरायचं, ढेकळं फोडायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्याचे परत चार. अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायचं. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, खोली, मागचं पीक, पुढचं पीक पेन्सिलने लिहायचं, पेनची शाई ओलीने पसरते आणि मग लॅबमध्ये आमचं भविष्य सांगणं सुरू.

बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, गुरं बसतात तिथे, मेंढरं बसवलेल्या पट्ट्यात घेऊ नका. खत टाकल्यावर दोन-तीन महिने थांबा. आपल्याकडे उन्हाळ्यात रान मोकळं असतं तेव्हा काढणं सगळ्यात बरं, पेरणीच्या आधी रिपोर्ट हातात पडतो.

नैसर्गिकच
एवढा खटाटोप कशाला? मातीत सगळं आहे. आपली काळी माती बेसाल्टची आहे, लोह, पालाश, सगळ्यांचं कोठार आहे. जंगलाला कोण रिपोर्ट काढून देतं? जिवाणू वाढवा, ते शिजवून देतात. रिपोर्टचा धंदा खत कंपन्यांसाठी आहे.

गणितमास्तर
धंद्याचं माहीत नाही, पण हा धागा दोन पोती १०:२६:२६ वाचवायला चाललाय असं मला वाटतंय

लॅबमधली
नैसर्गिकच दादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. काळ्या मातीत लोह एकूण म्हणाल तर शंभर किलोत पाच-सात किलो सहज निघेल. पण शाळूवाला अण्णांचा आकडा आहे ३.१ पीपीएम, म्हणजे टनाला तीन ग्रॅम. लॅब एकूण लोह मोजतच नाही, मुळाला जेवढं हाती लागण्यासारखं आहे तेवढंच मोजायचा प्रयत्न करते. डीटीपीए नावाचं द्रावण मातीत ढवळून जेवढं ओढून काढतं तेवढंच. ४.५ च्या खाली आलं की कमी. कोठार भरलेलं आहे पण कुलूप चुनखडीचं आहे. भुईमुगावर केवडा पडतो, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं-पांढरं, तो कोठार भरलेलं असतानाच पडतो.

आणि हो, शेणखताने, सेंद्रिय आम्लांनी ते कुलूप थोडं सैल होतं, त्यात दुमत नाही. हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकायचा तर शेणखतात मुरवून टाका म्हणतात ते त्याचसाठी. नुसता जमिनीत फेकला तर चुनखडी त्याचा गंज करून टाकते. उभ्या पिकाला केवडा दिसला तर अर्धा टक्क्याची फवारणी. दुकानात 'चिलेटेड' (लोह दुसऱ्या रसायनाच्या पकडीत धरून ठेवलेलं) म्हणून देतात तेव्हा पुडीवर काय लिहिलंय बघा, ईडीटीएवालं लोह एवढ्या सामूला जमिनीतून दिलं तर टिकत नाही, ईडीडीएचएवालं टिकतं पण महाग पडतं, शाळूला परवडायचं नाही.

नैसर्गिकच
म्हणजे शेवटी शेणखतच ना. मग ते आधी सांगा.

बांधावरचा
शेणखत आणायचं कुठनं दादा, गोठ्यात एक म्हैस उरलीय

गणितमास्तर
कर्ब ०.३८ चा ०.४८ करायचा तर किती लागतं याचा हिशोब करून बघितला. हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २२ लाख किलो धरतात असं वाचलं. त्याचा ०.१ टक्का म्हणजे २२०० किलो नुसता कर्ब, जमिनीत टिकून राहिलेला. शेणखतात पाणी आणि माती किती असते ते तुम्हीच सांगा.

लॅबमधली
आणि घातलेल्यातला बराचसा आपल्या उन्हाळ्यात जळूनही जातो. म्हणून कोरडवाहू भागात ०.४ च्या आसपास कर्ब बघून मी दचकत नाही. एका वर्षात ०.३८ चा ०.७ झाला असा रिपोर्ट आला तर दचकते, कारण नमुना उकिरड्याच्या जागेवरचा असतो. धसकटं न जाळणं, तूर-हरभऱ्याची फेरपालट, मेंढरं बसवणं, हे वर्षानुवर्षं करत राहायचं.

माणदेशी
आता मी जरा वेगळं बोलतो. आमच्याकडं पाऊस पाचशे मिलिमीटर झाला तर लय झाला. तिथं रिपोर्टवरच्या नत्र-स्फुरदापेक्षा आधी बघायचं ते रान किती खोल हाय. पहार घ्या, पाऊस पडून गेल्यावर ओल उतरली की ठोका, मुरूम कुठं लागतो बघा. अण्णा म्हणतात दोन-अडीच फूट, म्हंजे मध्यम. भारी काळ्या रानात मीटरभर खोलीला दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवता येतं म्हणतात, शाळू त्याच्यावरच निघतो, वरनं पाऊस कुठला असतो दिवाळीनंतर. तुमच्याकडं त्याच्या पाऊण हिश्शापर्यंत धरा. जेवढं पाणी तेवढंच खत कामाचं, हे लॅबवाले लिवत नाहीत.

आणि दुसरं म्हंजे नोव्हेंबर सरता सरता वरची वीतभर माती कोरडी ठक्क. नमुना घेतलेला असतो त्याच वीतभर थराचा! सगळं स्फुरद, जस्त, कर्ब त्या वरच्या थरात, आणि मुळं गेलेली ओलीच्या मागं खाली जिथं खायला काय नाय. रिपोर्ट मध्यम आणि पीक उपाशी असं होतं ते हितं.

लॅबमधली
दादा हे तुम्ही लाखमोलाचं बोललात, आणि आमच्या रिपोर्टमध्ये याला खरंच रकाना नाही. म्हणूनच कोरडवाहूला खत फोकून द्यायचं नाही. दोन चाड्याच्या पाभरीने (पेरणीचं अवजार, चाडं म्हणजे बी सोडायचं नरसाळं), एका चाड्यात बी आणि एका चाड्यात खत, म्हणजे खत बियाच्या खाली ओलीत पडतं. नत्र पण सगळं पेरतानाच, नंतर वरून युरिया देऊ म्हणाल तर पाऊसच नसतो तो विरघळायला, आणि चुनखडीच्या कोरड्या रानावर पडलेल्या युरियातला बराचसा अमोनिया होऊन उडून जातो.

शाळूवाला
पाभर हाय घरात, आता समदे ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आणतेत पण त्यालाबी खताची पेटी असतीय. मग मला आता नेमकं किती टाकायचं ते सांगा म्हंजे मी दुकानदाराशी भांडायला मोकळा.

लॅबमधली
मध्यम जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारीला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद (हे पोत्यावरचं, ऑक्साइडमधलं), पालाश शून्य. तुमचं नत्र १७६ म्हणजे कमी, तिथे सव्वापट करा, ५०. स्फुरद मध्यम, म्हणजे शिफारशीएवढंच, २०. एकरावर आणलं तर नत्र २० किलो, स्फुरद ८ किलो.

स्फुरद डीएपीतून घेऊ नका, सिंगल सुपर फॉस्फेटमधून घ्या. त्यात १६ टक्के स्फुरद आणि वर ११ टक्के गंधक असतं, तुमचं गंधक ७.२ आहे, १० च्या खाली म्हणजे कमी. ८ किलो स्फुरदाला सुपर बरोबर ५० किलो, एक पोतं, आणि त्यातून साडेपाच किलो गंधक फुकट. २० किलो नत्राला युरिया ४३-४४ किलो, म्हणजे ४५ चं एक पोतं. एकरी एक पोतं सुपर, एक पोतं युरिया. बियाशी युरिया चिकटू देऊ नका मात्र, उगवण जाते. खत बाजूला आणि खाली.

जस्तासाठी झिंक सल्फेट एकरी आठ-दहा किलो शेणखतात मिसळून, सुपरमध्ये कालवू नका. एकदा दिलं की दोन-तीन वर्षं परत विचारू नका. बोरॉन ०.३८ कमी आहे (०.५ च्या खाली) पण शाळूला त्याची एवढी ओढ नसते, सूर्यफूल-भुईमूग घेणार असाल त्या वर्षी बघू. बोरॉनचं पुरेसं आणि विष यातलं अंतर फार थोडं असतं, दुकानदाराच्या बादलीतून अंदाजाने टाकायची वस्तू नाही ती.

सीमाभागातून
गंधक-जस्त-बोरॉनचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही इंडी तालुक्यातले, विजापूर जिल्हा, घरात मराठी. कर्नाटक सरकारने २००९ पासून भूचेतना म्हणून कार्यक्रम केला होता, पटान्चेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेबरोबर. त्यांनी माती घेताना गावातला चढ-उतार बघून घेतली, माथ्यावरची वेगळी, मधली वेगळी, खालची वेगळी, आणि लहान-मोठे शेतकरी दोन्ही धरले. निघालं काय तर राज्यातल्या निम्म्याहून जास्त शेतांत हेच तीन कमी, गंधक, जस्त आणि बोरॉन. सगळे इतकी वर्षं युरिया-डीएपी टाकत होते आणि भूक तिसरीच होती. मग कार्ड वाटून थांबले नाहीत, गावात भिंतीवर रंगाने लिहिलं की या गावच्या मातीत काय कमी आणि कुठल्या पिकाला किती. चावडीजवळ येता-जाता लोक वाचायचे. कार्ड कपाटात जातं, भिंत कुठे जाणार.

बांधावरचा
हे भारी हाय. आमच्याकडं भिंतीवर गुटखा आणि आमदार

डाळिंबवाला
सांगोला. एक विरोधी मत नोंदवतो. पालाश शून्य म्हणता ते शाळूपुरतं ठीक, पण हा धागा वाचून बागायतवाल्यांनी पालाश बंद करू नये. काळ्या रानात रिपोर्टला कायम 'अत्यंत जास्त' येतं, ३०० च्या वर गेलं की अत्यंत जास्तच लिहितात. पण फळ भरताना झाड ज्या वेगाने पालाश ओढतं त्या वेगाने माती देत नाही. मी ठिबकमधून देतो आणि फळाचा रंग, वजन यात फरक दिसतो. दुष्काळात पालाशमुळे झाड ताण सोसतं हेही आहे.

लॅबमधली
डाळिंब, ऊस, द्राक्ष यांचा हिशोब वेगळाच, एकरी टनावारी माल बाहेर जातो, त्याबरोबर पालाशही जातो, आणि तिथे मातीबरोबर पान-देठ परीक्षण करायला पाहिजे. पण एकरी पाच-सात क्विंटल शाळू काढणाऱ्याला ४३० पालाशच्या रानात १०:२६:२६ विकणं मला पटत नाही. कडबा विकता की जनावरांना घालता हे मात्र विचारेन, कारण पालाश दाण्यात कमी आणि ताटात जास्त असतं. वर्षानुवर्षं सगळा कडबा बाहेर विकला तर ४३० चं ३०० व्हायला लागेल. तीन-चार वर्षांनी परत तपासा, तेव्हा कळेल.

डाळिंबवाला
हे मान्य. अजून एक, माझा ईसी १.३ आलाय, एकजण म्हणाला चारच्या आत आहे काळजी नको, दुसरा म्हणाला बाग जाईल.

लॅबमधली
परत एककाचाच प्रकार! ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची, माती लगद्यासारखी भिजवून पाणी ओढून काढतात त्याची. आपल्या लॅब बहुतेक एक भाग माती अडीच भाग पाणी करून मोजतात, म्हणजे क्षार पातळ झालेले असतात. त्या पद्धतीत १ च्या आत चांगलं, १ च्या वर सावध. तुमचा १.३ म्हणजे काळजीची सुरुवात. बोअरचं पाणी तपासा आधी, क्षार बहुधा तिथूनच येताहेत. आणि बागेत नमुना वीतभर काढून भागत नाही, ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे दोन थर वेगवेगळे द्या, क्षार कुठे साठलेत ते त्याशिवाय दिसत नाही.

पुणेकर_वीकेंड
मीटर रिटर्न टाकला. ताई एक प्रश्न, रिपोर्टमध्ये नत्र कसं मोजतात? एका लॅबवाल्याने सांगितलं आम्ही कर्बावरून काढतो.

लॅबमधली
बऱ्याच ठिकाणी तसंच करतात, कर्ब मोजायचा आणि सूत्राने नत्र लिहायचं. खरं मोजायचं तर परमँगनेटबरोबर माती उकळून निघालेला अमोनिया पकडतात. पण तो आकडाही मी दगडावरची रेघ मानत नाही, नत्र पावसाबरोबर, उन्हाबरोबर बदलत राहतं. कोरडवाहूत 'कमी' येणार हे न तपासताही सांगता येतं. पैसे मोजून काही तपासायचं असेल तर सामू, ईसी, चुनखडी, कर्ब, स्फुरद, गंधक, जस्त, लोह. चुनखडी बहुतेक पॅकेजमध्ये नसते, मागून घ्या. आपल्या भागात तिच्याशिवाय बाकीचे आकडे वाचताच येत नाहीत. घरी अंदाज घ्यायचा तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुनखडी चांगलीच आहे.

शाळूवाला
टाकलं. कानाशी धरलं तर बारीक चुर्र आवाज, आणि पांढऱ्या खड्याजवळ तर उकळी फुटल्यागत. अजून एक इचारायचं राहिलं. रानाच्या खालच्या अंगाला आठ-दहा गुंठ्याचा पट्टा हाय, पाऊस पडला की चिखल साबणागत, वाळला की दगूड, वर पापुद्रा धरतो. शाळू तिथं गुडघ्याच्या वर जात नाय. मी नमुना घेताना तो सोडलाता. तो खारवट का चोपण?

माणदेशी
चोपण वाटतंय ऐकून. खारवटाला वर पांढरं मीठ फुलतं उन्हाळ्यात आणि माती उलट भुसभुशीत लागती.

लॅबमधली
वेगळा ठेवलात ते उत्तम केलंत. एक साधी चाचणी करा. त्या पट्ट्यातलं वाळलेलं ढेकूळ घ्या, हरभऱ्याएवढं. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते पाणी घ्या, विहिरीचं नको, विहिरीच्या पाण्यातले क्षार चाचणी फसवतात. ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका, दोन-तीन तास. नुसतं फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर बरं. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियम जास्त, चोपण.

शाळूवाला
केलं. चांगल्या रानाचं ढेकूळ फुटून बसलं, पाणी निवळ. त्या पट्ट्यातल्याचा पेला अर्ध्या तासात च्याच्या रंगाचा झाला, तळ दिसंना.

लॅबमधली
मग चोपणच धरा. त्या पट्ट्याचा नमुना आता ० ते २० आणि २० ते ४० असा दोन थरांत काढा आणि पिशवीवर ठळक लिहा, 'विनिमय सोडियम आणि जिप्समची गरज'. विनिमय सोडियम म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, जिप्सम ते सुटं करतं. नाही लिहिलं तर नेहमीचाच रिपोर्ट येईल आणि त्यात फक्त सामू ८.८ वगैरे दिसेल, जिप्सम किती टाकायचं ते कळणार नाही. आणि पैसे खर्च करायच्या आधी त्या पट्ट्यातलं पाणी बाहेर कुठून काढणार ते बघून ठेवा. चर काढायला जागा नसेल तर जिप्समने सुटं झालेलं सोडियम तिथेच राहतं.

शाळूवाला
चर वढ्याला काढता येतोय, पण मधी चुलत्याचा बांध हाय. बघतो बोलून.

बांधावरचा
जिप्समपेक्षा ते अवघड हाय अण्णा